नवव्या प्रभागातील पराभव

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी समाजातील यशस्वी बंधु-भगिनींचे अभिनंदन छापले जाते, आणि ते योग्यच आहे. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी, बढती मिळालेला अधिकारी, नगरपालिकेवर निवडून आलेला सभासद ह्यांची छायाचित्रे पाहून कोणास आनंद होणार नाही? परंतु जो उभा राहिला आणि पडला, त्याचे नाव ह्या पानांवर वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. वस्तुतः पडलेल्या उमेदवाराची हकीकत पुष्कळ वेळा अधिक विचार करावयास लावणारी असते. म्हणून संपादक मंडळाने ह्या वर्षी लेख मागितला तेव्हा आम्ही एका पराभवाचाच इतिहास सांगावयाचे ठरविले. हा पराभव आपल्या गावचा नाही, आपल्या देशाचाही नाही. तो १९४७ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत झाला. इतक्या दूरची गोष्ट आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याने लेख अर्धा तरी वाचावा, एवढीच विनंती.

लॉस एंजेलिस हे नावच स्पॅनिश आहे. १७८१ साली स्पेनच्या अमलात ही वसाहत वसली, पुढे ती मेक्सिकोकडे गेली, आणि १८४८ च्या तहाने हा सारा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात आला. म्हणजे स्पॅनिश बोलणारे लोक त्या शहरात उपरे नव्हते; शहराचा पाया त्यांच्या भाषेत घातला गेला होता. तथापि विसाव्या शतकात मेक्सिकन वंशाच्या माणसाकडे तेथे परका म्हणूनच पाहिले जाई. १९३० नंतरच्या मंदीत हजारो मेक्सिकन कुटुंबांना आगगाडीत बसवून सीमेपलीकडे धाडण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्याने तेथलीच नागरिक असलेली मुलेही होती. जून १९४३ मध्ये तर सैल, लांब कोट घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना खलाशांनी आणि शिपायांनी भर रस्त्यात मारझोड केली. त्याच वेळी ह्याच वस्त्यांतील मुले त्याच सैन्यात लढत होती. युद्ध संपवून ती घरी आली तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या नगरपरिषदेत पंधरा सभासद असतात, एका प्रभागास एक. नवव्या प्रभागात शहराचा जुना मध्यभाग आणि नदीपलीकडील बॉइल हाइट्स ही वस्ती येत असे. तेथे मेक्सिकन, ज्यू, जपानी, कृष्णवर्णीय असे नाना प्रकारचे कष्टकरी लोक शेजारीशेजारी राहत. मेक्सिकन वस्ती मोठी खरी, परंतु केवळ तिच्या बळावर जागा जिंकता यावी इतकी नव्हे. एकोणिसाव्या शतकानंतर मेक्सिकन वंशाचा एकही मनुष्य त्या सभागृहात बसलेला नव्हता.

प्रभागाचे विद्यमान सभासद होते पार्ली क्रिस्टेन्सेन. १९३९ पासून ती जागा त्यांच्याकडे अखंड होती, आणि त्याआधीही दोन वर्षे त्यांनी ती भूषविली होती. ह्या गृहस्थांविषयी आम्हांस दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण पराभूताची बाजू सांगताना विजेत्यास खलपुरुष ठरविण्याची आपली जुनी खोड आहे. क्रिस्टेन्सेन हे वकील, कामगारांचे कैवारी. १९२० साली शेतकरी-कामगार पक्षातर्फे ते थेट अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले होते आणि त्यांस अडीच लाखांहून अधिक मते पडली होती. तेव्हा मनुष्य गरिबांचा शत्रू नव्हता. परंतु १९४७ साली त्यांचे वय सत्तरीच्या पुष्कळ पुढे गेले होते, आणि मेक्सिकन गल्ल्यांत रस्ता नाही, दिवे नाहीत, ही तक्रार घेऊन जावे असे ते त्या लोकांस आपले वाटत नव्हते. चांगला मनुष्य आणि आपला मनुष्य ह्यांत अंतर असते, ते हेच.

त्यांच्याविरुद्ध उभे राहिले एडवर्ड रॉयबल. जन्म १९१६ चा, न्यू मेक्सिको प्रांतातील अल्बुकर्क गावी. १९२२ साली, रेल्वेच्या संपानंतर, कुटुंब बॉइल हाइट्समध्ये आले आणि मुलगा तेथल्याच शाळांत शिकला. पुढे त्यांनी क्षयरोग निवारणाच्या कामात आरोग्यशिक्षकाची नोकरी धरली. फिरत्या गाडीतून क्ष-किरण यंत्र वस्तीवस्तीत न्यावयाचे, लोकांस छातीची तपासणी करून घेण्यास समजवावयाचे, हा त्यांचा उद्योग. ज्याने रोगाच्या भीतीने दार बंद करणाऱ्या माणसास दार उघडावयास लावले, तो मते मागावयास कच्चा असेल असे कोणास वाटणार नाही. स्नेह्यांनी आग्रह केला, समिती स्थापन झाली, आणि एकतिसाव्या वर्षी रॉयबल उमेदवार झाले.

निकाल लागला तेव्हा ते दुसरेही नव्हते. तिसरे आले होते. क्रिस्टेन्सेन पुन्हा निवडून आले.

येथे आम्हांस आपल्याकडील एक प्रसंग आठवतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक सज्जन नगरपालिकेस उभे राहिले आणि जुन्या सभासदाकडून पडले. त्यानंतर झालेल्या सभेस आम्ही हजर होतो. दोन तास चर्चा झाली, आणि ती सारी कोणत्या आळीने दगा दिला, कोणत्या पोटशाखेने शब्द फिरविला, कोणाच्या मेहुण्याने विरुद्ध पक्षाचा चहा घेतला, ह्याचीच. मतदारांची यादी कोणी उघडली नाही. पुढे आम्ही दोघा-तिघांनी ती उघडून पाहिली. निम्म्या सुनांची नावे अद्याप माहेरच्या यादीत होती. नोकरीसाठी शहरात येऊन वीस वर्षे झालेल्या कित्येकांची नावे गावीच होती. दोन मयत आजोबा मात्र आमच्या यादीत सुखरूप होते. शिक्षक म्हणून ह्याच याद्यांच्या कामासाठी आम्ही अनेक उन्हाळे दारोदार हिंडलो आहोत, आणि आमच्याच मंडळींनी “गुरुजी, पुढच्या वेळी बघू” म्हणून आम्हांस पाणी देऊन परत पाठविले आहे. तेव्हा दोष कोणास द्यावयाचा?

आता लॉस एंजेलिसच्या त्या पराभूत समितीने काय केले ते पाहा. तिने कार्यालयास कुलूप लावले नाही. मंडळी निवडणुकीनंतरही जमत राहिली आणि आपण का पडलो ह्याचा शोध घेऊ लागली. उत्तर साधे होते. आपली माणसे आहेत, पण त्यांतील बहुसंख्य मतदार नाहीत. अमेरिकेत शिक्षक यादी घेऊन घरी येत नाही. त्या काळी नागरिकाने स्वतः जाऊन नाव नोंदवावे लागे. शिवाय कॅलिफोर्नियाच्या घटनेत १८९४ पासून अशी अट होती की मतदारास इंग्रजी वाचता आले पाहिजे. ही अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली रद्द केली, पण १९४७ मध्ये ती पुरती जिवंत होती. आणि वृद्धांपैकी कित्येक तर पन्नास पन्नास वर्षे त्या भूमीत राबूनही नागरिकच झालेले नव्हते.

समितीने प्रथम आपल्या नावात राजकारण हा शब्द घातला होता. लवकरच तो काढून तिने ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’, म्हणजे समाजसेवा संघटना, असे नाव धारण केले. अध्यक्ष पराभूत उमेदवारच, रॉयबल. त्यांच्या जोडीस पोलाद कारखान्यातील कामगार पुढारी अँटोनियो रिओस होते. ह्याच सुमारास शिकागोच्या सॉल अलिन्स्की ह्यांच्या संस्थेने फ्रेड रॉस नावाचे एक गोरे कार्यकर्ते तेथे धाडले. हे रॉस मूळचे शिक्षकी पेशाकरिता शिकलेले, हे नमूद करताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो! त्यांची पद्धत अशी. मोठी सभा घ्यावयाची नाही. एका घरी सात-आठ शेजाऱ्यांस बोलवावयाचे. व्याख्यान थोडे, ऐकणे फार. कोणी म्हणे आमच्या गल्लीत पदपथ नाही, कोणी म्हणे पोलीस पोरास विनाकारण मारतात. मग त्याच बैठकीतून पुढच्या घराचे आमंत्रण मिळवावयाचे. घराघरांतील ह्या बैठकांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, आणि पुढचे निम्म्याहून अधिक काम त्यांनीच उचलले.

दुसरी गोष्ट त्यांनी अशी केली की मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे धरणे धरून स्पॅनिश बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांस उपनोंदणी अधिकारी म्हणून शपथ देवविली. कचेरीत जावयास बिचकणारा मनुष्य आपल्याच ओट्यावर, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या शेजारणीपुढे सही करू लागला. १९४९ च्या निवडणुकीपर्यंत संघटनेने अशा रीतीने नोंदविलेले नवे मतदार पंधरा हजारांच्या आसपास भरले असे सांगतात.

परंतु ह्यापेक्षाही महत्त्वाची, आणि आपल्यासारख्या मंडळांनी बारकाईने पाहावी अशी गोष्ट निराळी आहे. संघटनेत माणसे बहुतांशी मेक्सिकन, तरी तिने नावात मेक्सिकन हा शब्द घातला नाही. ज्यू मंडळींनी तिला पैसा आणि पाठबळ दिले, कामगार संघांनी कार्यकर्ते दिले. कारण हिशेबच तसा होता. एका जातीची सारी मते एका माणसास पडली तरी नववा प्रभाग जिंकता येत नव्हता. आपल्यात काहींस वाटते की समाजाची मते ‘बांधली’ म्हणजे काम झाले. बांधलेली मते मोजून पाहावीत, एवढेच आम्ही म्हणतो. शेजारच्या आळीतील मनुष्य ज्याला ओळखत नाही, त्या उमेदवाराला केवळ आपल्या आळीने कितीही उचलून धरले तरी त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

१९४९ साली तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. जुने सभासद तेच, आव्हान देणारा तोच, प्रभाग तोच. ह्या वेळी रॉयबल आठ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. दोन वर्षांत उमेदवाराच्या गुणांत एवढा फरक पडला असेल असे आम्हांस वाटत नाही. फरक यादीत पडला होता.

सभागृहातील पहिल्या दिवसाची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांची ओळख करून देताना, हे आमचे मेक्सिकन बोलणारे नवे मेक्सिकन सभासद, असे कोणी म्हणाले. रॉयबल उठले आणि शांतपणे त्यांनी सांगितले की आपण मेक्सिकन नव्हे, तर मेक्सिकन वंशाचे अमेरिकन आहोत, आणि मेक्सिकन नावाची भाषा नसून तिचे नाव स्पॅनिश आहे. त्याच वर्षी घर विकत घ्यावयास गेले असता मेक्सिकनांस घर विकत नाही म्हणून ह्याच नगरसेवकास नकार मिळाला. पुढील वर्षी, कम्युनिस्टांनी आपली नावे पोलिसांकडे नोंदवावी असा नियम सभागृहापुढे आला, तेव्हा विरोधात पडलेले एकमेव मत रॉयबल ह्यांचे होते. आपल्यांस हवे ते बोलणारा सभासद निवडणे सोपे. सारे सभागृह एकीकडे असता एकट्याने हात वर न करणारा सभासद मिळणे हे भाग्य.

ह्या संघटनेच्या शाखा कॅलिफोर्नियाभर पसरल्या. सॅन होजे येथे १९५२ साली रॉस ह्यांनी सेझर चावेझ नावाच्या तरुणास तीत आणले, आणि शेतमजुरांचे पुढारी म्हणून पुढे जगभर गाजलेले ते हेच. वृद्धांसाठी नागरिकत्वाचे वर्ग निघाले. रॉयबल मात्र पराभवास मुकले नाहीत. १९५४ साली ते प्रांताच्या उपराज्यपालपदाची निवडणूक हरले. १९५८ साली जिल्हा मंडळाच्या निवडणुकीत प्रथम त्यांचा विजय झाल्याचे जाहीर झाले आणि फेरमोजण्या होता होता तो पराभव ठरला. अखेर १९६२ साली ते अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि १९९३ पर्यंत तेथे राहिले. २००५ साली ते वारले. त्यांची कन्या लुसिल १९९३ पासून २०२३ पर्यंत त्याच गृहात होती.

रॉयबल वॉशिंग्टनला गेले तेव्हा नवव्या प्रभागातील जागा रिकामी झाली. जानेवारी १९६३ मध्ये नगरपरिषदेने ती गिल्बर्ट लिंडसे ह्यांना दिली. हे एके काळी महापालिकेच्या पाणी व वीज खात्यात झाडलोट करणारे, आणि त्या सभागृहातील पहिले कृष्णवर्णीय सभासद. त्यांच्या नेमणुकीबद्दल कोणी हळहळावे असे त्यांत काही नव्हते. परंतु रॉयबल ह्यांच्यामागून मेक्सिकन समाजातून तयार झालेला दुसरा उमेदवार नव्हता, संघटनेतील पुष्कळ मंडळी इतरत्र गेली होती, आणि घरोघरच्या बैठका विरळ झाल्या होत्या. त्या समाजाचा पुढचा सभासद, रिचर्ड अलाटोरे, त्या सभागृहात आला तो १९८५ च्या डिसेंबरात, तेवीस वर्षांनंतर. तोही नवव्या प्रभागातून नव्हे.