देशाबाहेर चालणारा, देशात न चालणारा रुपया

परदेशात कार्ड वापरायचे तर आधी बँकेच्या ॲपमध्ये ती सोय सुरू करावी लागते. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ती मुळात बंदच असते. पैशाला सीमा घालण्याचा याहून विलक्षण, नेमका उलटा प्रयोग नाशिकरोडच्या छापखान्यातून निघाला होता.

१९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, ओमान येथे भारतीय रुपयाच चलनात होता. तस्कर येथून रुपये नेत आणि तिकडून सोने आणत. ते रुपये आखाती बँकांमार्फत परत येत व भारताला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. गंगाजळी आटत चालली होती.

म्हणून मे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा दुरुस्त झाला. आखातासाठी निराळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा निघाल्या. हजयात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या आणखी वेगळ्या. त्यांवर चक्क ‘हज’ असा शब्द. मूल्य तेच, अशोकस्तंभही तोच. पण मुंबईच्या बाजारात त्या नोटेने चहासुद्धा मिळाला नसता!

कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार काढले. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. दिल्लीच्या निर्णयाने दुबईचा बाजार हादरावा, हे आखाताला परवडणारे नव्हतेच. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानमध्ये मात्र तो १९७० पर्यंत चालत राहिला.