मशेरी
मशेरी : (मिश्री). तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली पूड. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण व कष्टकरी स्त्रियांत, ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळण्याची चाल आहे. गावाकडून मुंबई, वसई-विरारकडे आलेल्या कुटुंबांबरोबर ही सवयही शहरात आली. सुरुवात दात घासण्याच्या निमित्ताने होते. पण निकोटिनची तलफ लागली, की सकाळची एक वेळ पुरत नाही. दुपारी, जेवणानंतर, झोपण्यापूर्वी डबी उघडतेच.

दातदुखीवर मशेरी लावावी, हा समज घातकच म्हणावा लागेल : ठणका घटकाभर कमी वाटतो आणि कीड आत वाढत राहते. दात काळवंडतात, झिजतात; हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडतात. तोंडात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. गरोदरपणात मशेरी लावल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती लागू पडत नाही.