आजीचा गड्डा आणि कॅरीसाहेबांची बाग



आज उसाची नोंद नाही. आज परसातल्या एका फुलकांद्याची आहे, आणि त्याच्या निमित्ताने थोडा इतिहास. पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर एक लिली आहे. आजी तिला नुसतं 'गड्डा' म्हणायची. नारळाएवढा कांदा, हात-हात लांब पानं, आणि वळवाचा पाऊस पडला की वर येणारा जाडजूड दांडा. पांढऱ्या पाकळीच्या मधोमध गुलाबी रेघ. वास संध्याकाळनंतर सुटतो, कारण हे फूल रात्रीच्या पतंगांसाठी उमलतं. कृषी महाविद्यालयात असलेल्या मित्राने फोटो बघून सांगितलं, क्रायनम लॅटिफोलियम. आपल्या नागदवण्याच्या नात्यातली. कांदा-लसूणही आता याच कुळात धरतात, म्हणजे तशी आपल्या कांद्याची लांबची भावकीच. फक्त ही खायची नाही. गड्ड्यात लायकोरीन नावाचं विष असतं, जनावरसुद्धा तोंड लावत नाही.

तर हा गड्डा मी कुणाला देत नव्हतो. पंचक्रोशीत दुसरीकडे बघितला नव्हता, त्यामुळे आपल्याकडेच आहे याची एक मिजास होती. मागायला आलेल्याला 'पिल्लं फुटली की देतो' म्हणायचं आणि पिल्लं फुटली की गप्प बसायचं. २०१७ ला आईने मला न विचारता दोन पिल्लं काढून आटपाडीच्या मावशीला दिली. मी दोन दिवस आईशी नीट बोललो नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता इतिहास.

विल्यम कॅरी हे नाव मराठीच्या अभ्यासकांना माहीत असतं. इंग्लंडात १७६१ ला जन्मलेला हा माणूस धंद्याने चांभार. लहानपणी शेतावर काम करायचं होतं, पण कातडीच्या दुखण्यामुळे ऊन सोसेना, म्हणून जोडे शिवायला बसला. १७९३ ला मिशनरी होऊन बंगालात आला आणि १८०० पासून कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला राहिला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीसाहेब बंगाली, संस्कृत आणि चक्क मराठी शिकवायचे. पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मराठी शब्दकोश, तोही मोडी अक्षरांत. आपल्या भाषेची सुरुवातीची छापील पुस्तकं अशी हुगळीच्या काठावर तयार झाली.

पण कॅरींचा खरा जीव बागेत. श्रीरामपूरला पाचेक एकरांवर त्यांनी बाग उभी केली. फुलकांद्यांचा त्यांना विशेष नाद. मुलगा जाबेझ दूर मोलुक्कास बेटांवर होता, त्याला पत्र जायचं ते बिया आणि झाडं पाठवायच्या मागणीसकट. इंग्लंडात विल्यम हर्बर्ट नावाचे पाद्री याच कुळाचे सगळ्यात मोठे जाणकार होते; १८३७ ला त्यांनी या कुळावर अख्खा ग्रंथ काढला. कॅरींची आणि त्यांची कांद्यांची देवाणघेवाण चालायची. क्रायनमच्या एका जातीला हर्बर्टनी कॅरींचं नाव दिलं.

त्या काळी कांदेच जास्त का फिरले, याचं कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. इंग्लंड ते कलकत्ता म्हणजे जहाजाचे चार-सहा महिने. डेकवर ठेवलेलं रोप खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने मरायचं. काचेच्या बंद पेटीत रोप जगवायची वॉर्डची युक्ती १८३० नंतर आली. त्याआधी खात्रीचा प्रवासी एकच, झोपलेला कांदा. पानं छाटा, सुकवा, कोरड्या मातीत नाहीतर भुशात भरा, महिनोन् महिने टिकतो. चाळीत कांदा ठेवतो तेच तत्त्व.

एकदा इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी केल्यावर कॅरींनी उरलेली माती सावलीत झटकली. थोड्या दिवसांनी तिथे डेझीची रोपं उगवली, लहानपणी गावाकडे पायाखाली तुडवलेलं साधं फूल! म्हाताऱ्याला केवढा आनंद झाला ते त्यांनी मित्राला पत्रात कळवलं. मुंबईला राहणाऱ्या पोराला गावाकडची घेवड्याची शेंग मिळावी, तसं झालं असेल.

आपल्या डोंगरातही कॅरी आहेत. सह्याद्रीतला कुंभा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सालीचा वाख तोड्याच्या बंदुकीला वात म्हणून वापरत. त्या कुंभ्याचं शास्त्रीय नाव 'करेया आर्बोरिया'. डॉ. रॉक्सबर्ग यांनी ते मित्राच्या नावावरून ठेवलं. रॉक्सबर्ग वारल्यावर त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ छापायची खटपट कॅरींनी केली.

१८२० ला कॅरींनी कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था काढली. चांगलं बी, नवी झाडं, सुधारलेली अवजारं लोकांपर्यंत जावीत आणि सभासद भारतीयही असावेत, हा त्यांचा विचार. म्हणजे बागेत जमवलेलं बाहेर वाटायची कायमची सोय.

मग १८२३ चा ऑक्टोबर आला. कॅरी पडून कमरेला मार लागला, अंथरूण धरलं. त्याच वेळी दामोदर नदीला पूर आला आणि पाणी श्रीरामपुरात शिरलं. बाग वाहून गेली. तेवीस वर्षांची जमवाजमव होती, वय बासष्ट. बरे झाल्यावर ते पुन्हा लागवडीला लागले.

हे वाचताना मला पुढची ओळ दिसेना, कारण २०१९ चा ऑगस्ट डोळ्यांपुढे आला.

कृष्णेचं पाणी आमच्या परसात आठ दिवसांच्या वर होतं. उसाचं काय झालं ते तेव्हाच लिहिलं होतं. पाणी ओसरल्यावर परसात गेलो तर गड्ड्यांच्या जागी घाण वासाचा लगदा. सडलेला कांदा कसा लागतो हाताला, ते तुम्हाला सांगायला नको. बत्तीस गड्डे होते. एकही वाचला नाही. आई ओट्यावर चिखल काढत होती. ती काही बोलली नाही, मीही नाही.

दिवाळीला मावशी आली. पिशवीत पाच पिल्लं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आटपाडीच्या मुरमाड रानात, सांडपाण्यावर, दोनाचे सात झाले होते. 'तुमचंच आहे, घ्या,' म्हणाली. आज परसात जे फुलतंय ते त्या पाचांचं. ज्या देण्यावर मी रुसलो होतो, त्यानेच आजीचं बियाणं घरात राहिलं.

एकाच जागी राहिलेल्याचं काय होतं, त्याचंही उदाहरण जवळच आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वुड्रो नावाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. १८७३ ला सुरू झालेली गणेशखिंडची बाग त्यांच्याकडे होती. त्यांनी महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटकडून एक क्रायनम मिळवलं, कांदे लंडनच्या क्यू बागेला पाठवले. १८९८ ला त्याला 'क्रायनम वुड्रोवी' नाव मिळालं. त्यानंतर शंभरावर वर्षं ते कुणाला दिसलं नाही. संपलं असंच धरून चालले होते. मग पुण्याच्या अभ्यासकांना ते पुन्हा सापडलं, त्याच केट्स पॉइंटच्या कड्यावर. दरड कोसळली, वणवा लागला किंवा हौशी माणसाने कुदळ मारली, तर तेवढ्यावर खेळ संपतो.

म्हणून एक हात जोडून सांगणं. डोंगरावरचा, सड्यावरचा कांदा उकरून आणू नका. मी तरुणपणी एक रानकांद्याचा गड्डा असाच आणला होता, दोन पावसाळ्यांत मेला. तिथला निचरा, तिथली माती पिशवीत येत नाही. वाटायचं ते घरचं वाटा.

थोडं कामाचं:

– पिल्लू लिंबाएवढं झाल्यावरच आईपासून सोडवा. मुळं शक्य तेवढी राखा, पानं अर्धी छाटा, जखम दोन दिवस सावलीत वाळू द्या.
– लावताना मान मातीच्या वर ठेवा. क्रायनमची मुळं आखडतात आणि गड्ड्याला स्वतःच खाली ओढतात.
– क्रायनमचं बी मांसल असतं, वाळवून ठेवता येत नाही. टेबलावर ठेवलं तरी मोड येतो. पडलं की लगेच पेरा, लगेच द्या.
– पानांवर पिवळे-हिरवे पट्टे दिसले तर विषाणूचा संशय धरा. असा गड्डा कुणालाही देऊ नका, उपटून नष्ट करा. मुळाशी पिठ्या ढेकूण बघा.
– पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची अळी रात्रीत पानं फस्त करते. थोडी झाडं असतील तर हाताने वेचणं सगळ्यात सोपं.
– देताना चिठ्ठीवर नाव, कुणाकडून आलं आणि साल लिहा. आमच्या गड्ड्याचं मूळ आजीबरोबर गेलं.

म्हातारपणी कॅरींना एकच घोर होता, की आपण गेल्यावर सहकारी बागेत गाई सोडतील. १८३४ ला ते गेले, बागही पुढे राहिली नाही. पण त्यांनी काढलेली संस्था कलकत्त्यात अलीपूरला अजून आहे, फुलांची प्रदर्शनं भरवते.

या पावसाळ्यात माझ्याकडे नऊ पिल्लं सुटतील. तीन नदीपासून लांबच्या गावांत द्यायची ठरवलीत, दोन शाळेला. आई म्हणते, उरलेली विचारून नको देऊस, देऊन टाक.

तुमच्या परसात आजी-पणजीच्या हातचा कुठला कांदा आहे? नाव माहीत नसलं तरी चालेल, फोटो टाका. आणि तो आणखी कुणाच्या घरी आहे का, तेही लिहा.