काटा टोकाला टेकला तेव्हा

आज एकाच आकड्याचा इतिहास पाहू या. आकडा आहे ३.६.

२६ एप्रिल १९८६ची पहाट. चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटलेली. हाताशी असलेले बहुतेक किरणोत्सर्गमापक सेकंदाला ०.००१ रॉन्टजेनपर्यंतच मोजणारे. तासाचा हिशेब केला तर ३.६. काटा शेवटच्या खुणेला टेकला. खरं तर याचा अर्थ एवढाच, की 'निदान ३.६ तरी आहे'. पण वर कळवताना तो 'निदान' गळून पडला! प्रत्यक्षात फुटलेल्या भट्टीपाशी किरणोत्सर्ग हजारो पट होता, आणि माणसं तिथं वावरत राहिली.

आता आपल्या संगणकातलं डेटा ॲक्विझिशन कार्ड घ्या. त्याच्या ॲनालॉग इनपुटची रेंज आपल्याला आधी ठरवावी लागते. १२ बिटांचं कार्ड त्या रेंजचे ४०९६ भाग करतं. रेंज उणे १० ते अधिक १० व्होल्ट ठेवली, तर एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. उणे १ ते अधिक १ ठेवली, की पायरी दहापट बारीक होते; मात्र १ व्होल्टवरचं सगळं एकाच आकड्यात दबतं. बारकावा हवा की आवाका, हे निवडावंच लागतं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणू, मोजण्याआधीच आपण काय घडू शकतं हे ठरवून बसलेलो असतो. म्हणून वाचन टोकाला चिकटलेलं दिसलं, की ते उत्तर समजू नये. रेंज वाढवावी, पुन्हा मोजावं. आणि तोवर 'निदान' हा शब्द सोडू नये.