बेथेल : गावकुसाच्या आतले गाव

जालना शहराच्या परिसरात बेथेल नावाचे एक छोटे गाव वसले. याकोब घर सोडून निघाला, उशाला दगड घेऊन उघड्यावर निजला, आणि जागा झाल्यावर त्याने त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. हे नाव मराठवाड्याच्या काळ्या मातीत कसे रुजले, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

गावाचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनाही घर सोडावे लागले होते. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायणरावांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागून आला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला जातीत परत घेण्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. नारायणरावांना मात्र परतीची वाट उरली नव्हती.

१८५४ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १८६० नंतर जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्यांच्याकडे आलेले लोक प्रामुख्याने मांग समाजाचे होते. दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, लग्नकार्यात वाजवावे आणि राहावे मात्र गावकुसाबाहेर, हेच त्यांचे प्राक्तन मानले जाई. नुसत्या बाप्तिस्म्याने ही कूस ओलांडता येत नव्हती. पायाखाली जमीन हवी होती.

हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी ती जमीन दिली. एका मुसलमान दिवाणाच्या औदार्यावर, ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती धर्मगुरूने, अस्पृश्य मानलेल्यांसाठी गाव उभारले! शेती, विहिरी, शाळा आणि प्रार्थनामंदिर यांभोवती तेथील जीवन आकाराला आले. ज्यांना गावच्या विहिरीला शिवता येत नव्हते, त्यांना स्वतःची विहीर मिळाली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत नारायणराव पागोटे घालूनच उभे राहिले. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

बेथेल प्रॉटेस्टंट बांधवांचे. म्हणून ते आपल्याला परके आहे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील साव्हॉयच्या डोंगराळ खेड्यांतून आलेले आपले फ्रान्सालियन धर्मगुरू घोगरगावला पोहोचले, तेव्हा त्यांनाही हेच गावकूस आडवे आले. त्यांच्या मायदेशी मंदिराचा मनोरा गावाच्या मध्यभागी असे. येथे त्यांना गावाबाहेरच्या वस्तीत जावे लागले.

वेगळे गाव वसवल्याने गावकूस पडत नाही, हेही खरे. पण वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘हे माझे गाव’ असे प्रथमच म्हणता आले, हे थोडे नव्हे. आज आपल्या धर्मग्रामांत कुणी दाराबाहेर उभा नाही ना, हे आपण पाहिले पाहिजे. तसा कुणी असेल, तर आपल्या मंदिराला देवाचे घर कोणत्या तोंडाने म्हणावे?