भेसळ आणि आव

गेल्या श्रावणात आम्ही चार स्नेही पुण्याहून ताम्हिणीकडे निघालो असता पौड मागे पडल्यावर पावसाने गाठले, आणि माले येथे एका चहाच्या टपरीत आश्रय घेणे भाग पडले. आमच्या आधीच तेथे पाचसहा तरुण बसले होते. मधल्या बाकावर एक मोबाइल व त्यास जोडलेला मुठीएवढा स्पीकर होता, आणि त्यातून जे बाहेर पडत होते त्याचे वर्णन करणे आम्हांस थोडे कठीण जाते. खाली संबळाच्या वळणाचा ठेका, त्यावर यंत्राची घरघर, मध्येच झपाट्याने म्हटलेले मराठी बोल, आणि शेवटी कोणा गवयाच्या तराण्याचे तुकडे तोडून उलटसुलट जोडलेले. गाणे संपते न संपते तोच वाद जुंपला. एकाचे म्हणणे, हे हिप-हॉपही नव्हे आणि इलेक्ट्रॉनिकही नव्हे, नुसती भेसळ आहे. आणि वर पुन्हा आपण काही थोर करतो आहोत असा आव! दुसरा म्हणाला, "तुला कळत नाही म्हणून तो आव होय?" तेव्हा पहिल्याने आमच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्हीच सांगा, याला गाणं म्हणायचं का?"

आम्ही त्या वेळी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर देण्याचे आमच्या मनात राहून गेले. हा वाद आम्हांस नवा वाटला नाही. महाराष्ट्रात संगीताची आवड असलेल्या घरांत तो निदान सव्वाशे वर्षे चालू आहे. केवळ वाद्ये बदलली. त्या तरुणाच्या बोलण्यात दोन आरोप एकात एक मिसळले होते. गाण्यात भेसळ आहे हा एक, आणि गाणाऱ्याने आव आणला आहे हा दुसरा. हे दोन आरोप नेहमी जोडीनेच येतात, म्हणून ते एकच आहेत असे वाटते. आमच्या मते त्यांची जात निराळी आहे, आणि मराठी संगीताचा इतिहास पाहिला तर पहिला आरोप बहुतेक प्रत्येक वेळी फसलेला व दुसरा पुष्कळदा खरा ठरलेला आढळतो.

प्रारंभ किर्लोस्करांपासून करू. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पदांचा भार मुख्यतः सूत्रधारावर होता. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, आणि तेथे पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली. ही पदे कोठून आली? साकी, दिंडी, ओवी ही कीर्तनकाराच्या पोतडीतली. काही चाली लावणीच्या. काही कानडी मुलुखातल्या, कारण अण्णासाहेब मूळचे तिकडचेच. कालिदासाची शकुंतला, तिच्या तोंडी हरदासाची साकी, आणि हे सर्व पारशी मंडळ्यांच्या गात्या नाटकांचे यश डोळ्यांसमोर असताना! याहून मोठी भेसळ ती कोणती? तरीही 1882 च्या 'सौभद्रा'तील शंभराहून अधिक पदे घराघरांत पोचली, आणि पुढच्या पिढीने शुद्ध मराठी नाट्यसंगीत म्हणून बोट दाखविले ते याच पदांकडे.

पुढे 1896 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' आले आणि त्यांनी गुजराती व उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली घेतल्या. मग मात्र ओरड झाली. उसन्या चाली, उथळ चाली, मराठी कानास परक्या चाली असे पुष्कळ बोलले गेले. ओरडणारे ज्या किर्लोस्करी वळणाची बाजू घेत होते ते वळण जेमतेम सोळा वर्षांचे होते, हे येथे नमूद करून आम्ही पुढे जातो.

खरी रंगत आली ती 1911 साली. त्या वर्षीच्या 12 मार्चला मुंबईस खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीवर विलक्षण हुकमत असलेले गृहस्थ. उत्तरेकडच्या गायिकांची पूरब ढंगाची ठुमरी, दादरा, कजरी हे सर्व त्यांच्या कानांत भरलेले. ते त्यांनी मराठी शब्दांवर असे बसविले की भामिनी व धैर्यधर ही पात्रे महाराष्ट्राची आणि त्यांचा गळा बनारस-लखनौचा असा अपूर्व प्रकार झाला. लगेच 1916 साली 'स्वयंवर' आले, आणि त्यात भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या. भास्करबुवांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्यांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या घेतली होती. एका घराण्याचे गाणे दुसऱ्याच्या कानावर पडू न देण्याच्या त्या काळात हेही एक प्रकारचे जातिबाह्य वर्तनच. परंतु त्या तिन्ही विद्या त्यांच्या गळ्यात इतक्या एकजीव झाल्या होत्या की त्यांस कोणी भेसळ म्हटले नाही. ज्यास पचले त्याची भेसळ दिसत नाही.

'स्वयंवरा'नंतर नाटकाच्या देहास मात्र एक विकार जडला, आणि तो भेसळीचा नव्हता. किर्लोस्करांचे पद दोन घटकांच्या संवादात सहज शिरून कथा पुढे नेत असे. आता पदांची संख्या कमी झाली, पण एकेका पदाचा विस्तार वाढला. नायिकेचा बाप संकटात असो वा प्रियकर दाराशी तिष्ठत असो, तान पुरी झाल्यावाचून ती हलणार नाही! बालगंधर्वांसारख्या अलौकिक गळ्याच्या नटाने हे केले तेव्हा श्रोते भान हरपून ऐकत राहिले, आणि त्यात दोष काढण्याचे धैर्य आम्हांसही होत नाही. परंतु त्यांचे गाणे ज्यांच्यापाशी नव्हते अशा शेकडो नटांनी त्यांच्या तानांचे सोंग घेतले. कथेस काही सांगावयाचे नाही, शब्द श्रोत्यांपर्यंत पोचत नाहीत, पण आपण मोठे गवई आहोत हे दाखविल्याशिवाय पद सोडावयाचे नाही. याचे नाव आव. आणि यात श्रोत्यांचाही वाटा होताच. 'वन्स मोअर'चा पुकारा पिटातून निघत असे, नटाच्या खोलीतून नव्हे. एक पद तीनतीनदा घेतले गेले, खेळ पहाटेपर्यंत लांबला, आणि नाटक म्हणजे पदांच्या मधली अडचण असे होऊन बसले.

येथे माल्याची आठवण पुन्हा होते. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी, याच मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 8 जुलैला, मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे चाहते एका छताखाली बसले, आणि कोणाची तान सरस याचा हिशेब कित्येक वर्षे पुरला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. एकीकडे गावे पाण्याखाली जावयाची होती व दुसरीकडे स्वराज्याच्या कार्यासाठी ठुमरीच्या अंगाने पदे गाइली जात होती. या दोहोंत विसंगती पाहणारे पाहोत. पैसा सत्कारणी लागला, आणि त्या रात्री तरी गाण्याच्या पाठीशी काही हेतू होता असे आम्हांस वाटते.

शुद्धतेचाही आव असतो, हे सांगावयाचे राहिले. पेटी ही युरोपातून आलेली. तिच्यावर भारतीय श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खरा आहे. या आक्षेपाच्या बळावर 1940 साली आकाशवाणीने पेटीस दार बंद केले, ते 1971 पर्यंत. म्हणजे ज्या वाद्यावर टेंब्यांची बोटे फिरली आणि गावोगावच्या भजनी मंडळांनी जे आपले केले, ते सुमारे तीस वर्षे सरकारी ध्वनिक्षेपकासमोर अस्पृश्य ठरले. त्या बंदीने गाणे किती शुद्ध झाले कोण जाणे. रसिकांनी घरातली पेटी काही फेकून दिली नाही.

याच्या उलट उदाहरण केशवराव भोळ्यांचे. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी त्या काळच्या गायकांवर परखड लिहिले, आणि जे लिहिले त्याची परीक्षा स्वतःवर ओढवून घेतली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, रूपांतर वर्तकांचे, संगीत भोळ्यांचे. पदे थोडकी, आटोपशीर, प्रसंगाच्या पोटातून निघालेली. गाण्यात ज्योत्स्नाबाईंचा हळुवार सूर. हेही मिश्रणच होते आणि बरेच धाडसाचे. पुढे 'प्रभात'च्या 1937 सालच्या 'कुंकू'त त्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ टाकूनच दिले. प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेवढ्यांवर काम भागविले, आणि नायिकेच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली. मराठी घरातली सून इंग्रजी कविता गाते हे वाचताना हास्यास्पद वाटते. पाहताना वाटत नाही, कारण जरठ नवऱ्याशी लग्न लावून फसविल्या गेलेल्या त्या सुशिक्षित मुलीपाशी प्रतिकाराचे जे थोडे साधन होते त्यांतले ते एक होते. भोळ्यांनी जे घेतले ते गरजेपुरते घेतले.

दरम्यान बोलपट आला होता. 1932 नंतर एकामागून एक नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या. खुद्द बालगंधर्व 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात उभे राहिले. दोष सर्वस्वी तानांचा नव्हे. परंतु शब्द ऐकू येणारे, रात्री वेळेवर संपणारे मनोरंजन मिळताच प्रेक्षक तिकडे वळला, त्यात नवल ते काय!

आता यंत्राकडे वळू, कारण माल्याच्या त्या तरुणाचा रोष मुख्यतः त्यावर होता. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या चित्रपटसृष्टीतील वादकाने एक तबकडी काढली: दहा राग, सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात. रोलंड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे त्यांनी जोडून घेतली होती. तबकडी खपली नाही व विस्मृतीत गेली. 2010 साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे रसिक चमकले. कारण 1987 च्या सुमारास शिकागोत 'ॲसिड हाउस' म्हणून जो प्रकार जन्मला असे ते मानीत, त्याचा नाद त्यांस या तबकडीत पाच वर्षे आधी ऐकू आला. ही लबाडी आहे, कोणी अलीकडे करून जुनी म्हणून खपवीत आहे, असाही संशय काहींनी घेतला. गंमत ही की ज्याने ते केले त्याने कसलाच आव आणला नव्हता. नवी यंत्रे मिळाली, राग ठाऊक होते, डिस्कोचे दिवस होते. थोरवी त्यांस इतरांनी चिकटविली.

त्याच 1982 साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाची 'प्लॅनेट रॉक' ही तबकडी निघाली. तीत जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या मंडळींच्या यांत्रिक संगीतातील सुरावट होती, आणि ठेका धरणारे यंत्र तेच, जे मुंबईत चरणजित सिंगांच्या समोर होते. हिप-हॉपचा जन्म 1973 साली ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला असे मानतात, आणि तोही दोन तबकड्यांतले ठेक्याचे तुकडे एकमेकांस जोडण्यातून. तेव्हा हिप-हॉप निराळे व इलेक्ट्रॉनिक निराळे, आणि या दोहोंचा संकर हा आधुनिक अनाचार, ही समजूत त्या तरुणाने सोडून द्यावी हे बरे. ती दोन्ही एकाच आळीत वाढलेली आहेत.

मग आज आपल्याकडे काय? 2019 साली 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळींनी आरे येथील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांस सोबत घेऊन वारली आवाज व रॅप एकत्र केले. मुंबईच्या पोटातले जंगल तेव्हा तोडीच्या धाकात होते, आणि ज्यांचे ते घर त्यांचाच आवाज गाण्यात आहे. येथे संकर उघड आहे. आवास जागा उरलेली नाही. 2024 साली क्रेटेक्स व श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले, आणि मराठी न जाणणारे लोक त्यावर नाचले. याच्या कर्त्यांनी आपल्या प्रकारास 'एम-हाउस' असे नाव दिले आहे. नाव थोडे पाटीवजा वाटते, हे आम्ही लपवीत नाही. पण गाणे स्वतःविषयी कसलाही गैरसमज बाळगीत नाही; नाचावयास लावणे हे त्याचे काम, ते ते करते.

माल्याच्या त्या गाण्याविषयी आमचे मत विचारले होते, ते आता सांगतो. संबळाचा ठेका आणि मराठी बोल यांची सांगड पक्की होती. बोलात एका कामगाराच्या रात्रपाळीची हकीकत होती आणि यंत्राची घरघर त्या हकीकतीचीच होती. तेथवर त्या तरुणाची तक्रार चुकीची. शेवटी मात्र तराण्याचे जे तुकडे जोडले होते त्यांचा रात्रपाळीशी काही संबंध आम्हांस लागला नाही. आपणांस शास्त्रीय संगीतही ठाऊक आहे, एवढेच ते सांगत होते. तो दीड मिनिटाचा भाग काढून टाकला असता तर आम्ही ते गाणे तेथेच पुन्हा लावावयास सांगितले असते. पाऊस तरी कोठे थांबला होता?