लोणावळ्याची एक प्रयोगशाळा

घाट चढून लोणावळ्यास आलेली मंडळी हवा खातात, चिक्की घेतात आणि परत जातात. मावळातल्या ह्याच गावी शंभराहून अधिक वर्षे मनाच्या दुःखावर देहाच्या वाटेने उपाय शोधला जात आहे, ह्याची कल्पना त्यांतील थोड्यांनाच असते.

पतंजलींनी चित्त विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले. व्याधी, संशय, आळस वगैरे ही नावे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु पुढे ते त्या अंतरायांचे चार सोबती सांगतात, तेथे आम्हांस थांबावेसे वाटते. दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कटलेला श्वासोच्छ्वास! मन आणि देह सूत्रकारांनी एकाच पंक्तीस बसवले.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी नेमके हेच टोक धरले. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, अमळनेरला शिक्षक असलेले आणि मालसरच्या माधवदासजींचे शिष्य असे हे गृहस्थ. गुरूवर श्रद्धा होती, तरी पुरावा हवाच होता. म्हणून बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली ह्या क्रिया त्यांनी क्ष-किरणांखाली तपासून पाहिल्या. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. १९२७ साली आजारी गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला. योग हा गुहेतला चमत्कार मानण्याच्या त्या काळात हे धाडसच होते.

पण दाब मोजता येतो, खिन्नता कशी मोजावी? स्वामीजींना ही अडचण उमगली असावी. डॉ. विनेकरांसह १९६३ साली लिहिलेल्या योगोपचारावरील ग्रंथात त्यांनी पहिले स्थान आसनांना दिलेच नाही. ते दिले मनाच्या योग्य वृत्तींना. मज्जासंस्था, स्नायू व ग्रंथी यांची घडण त्यानंतर, आणि मग आहार व मलशुद्धी.

आज मात्र लोक आसनेच विचारीत येतात. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ह्या चार वृत्तींपैकी मुदिता आम्हांस सर्वांत अवघड वाटते. शेजाऱ्याने माडी बांधली की आपणांस मनापासून आनंद व्हावा, असे ती मागते. तीव्र मनोविकाराला अर्थात वैद्यकीय उपचारच हवेत. आपणां संसारी माणसांचे नेहमीचे दुखणे मात्र पुष्कळदा ह्या शेजारच्या माडीचेच असते, आणि त्यावर शीर्षासन कितपत चालते, ते श्रोत्यांनीच ठरवावे.